दिराची रडकी माती

माझा धाकटा दीर अमेरिकेहून शिकून परत आला, तेव्हा त्याने आईंना शाल आणली नाही, बाबांना घड्याळ आणलं नाही, मला साधं चॉकलेटही आणलं नाही. त्याने माती आणली.

त्याला आणायला आम्ही नवरा-बायको गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर गेलो होतो. तो दारातून बाहेर आला तोच मुळी आडवा. ट्रॉलीवर एक लांबलचक चपटी लाकडी पेटी ठेवलेली, आणि तिच्या दोन्ही टोकांना चुकवत माणसं बाजूला उड्या मारत होती. माझा नवरा हळूच म्हणाला, "सर्फिंगची फळी दिसते." मला बरं वाटलं. माझं माहेर समुद्रकाठच्या हरमलचं, आमच्याकडे पर्यटकांना खोल्या भाड्याने देतात, त्यामुळे तुळशीला टेकून ठेवलेल्या असल्या फळ्या बघतच मी मोठी झाले. म्हटलं, चला, पोरगा काहीतरी मजेचं शिकून आला.

तेवढ्यात दीर ओरडला, "दादा, हळू! आत जमीन आहे!"

"काय आहे?"

"जमीन. उभी कापून आणलीय."

पेटी गाडीच्या टपावर बांधली. आमच्या गावी, सर्वणला पोचेपर्यंत दिराने खिडकीतून हात वर काढून ती धरून ठेवली होती. दुसऱ्या हाताने मांडीवरची एक काचेची बरणी सांभाळत होता. बरणीला ओलं फडकं गुंडाळलेलं. मी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाला, "नको वयनी, हिला हिसके सोसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. आत एक फळी, आणि फळीवर डिंकाने पक्की बसवलेली माती, माणसाच्या उंचीची. डोंगराचा एक काप काढून तसाच उभा चिकटवावा तसं ते दिसत होतं. दिराने ती हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला भिंतीशी उभी केली आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. माती, दगड, खनिज यांतलं आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री आहे, आणि ती बरीचशी खरीही आहे. ते उठून फळीजवळ गेले, खालच्या भागावर टकटक केलं. खालची माती करडी होती, दगडासारखी टणक, आणि तिच्यात लहान-मोठे गोटे कसेही रुतून बसलेले.

"हे तिकडच्या हिमनदीचं काम," दीर सांगू लागला. "फार पूर्वी तिथे बर्फ होता, डोंगराएवढा जाड. तो सरकत जायचा आणि वाटेत येईल ते खरवडून, दळून न्यायचा. वितळला तेव्हा सगळं तिथेच टाकून गेला. दगड, वाळू, चिकणमाती, काही वेगळं केलं नाही. वर बर्फाचं वजन होतंच, त्याने ते सगळं दाबून ठेवलं."

"म्हणजे खाणीचा डंप, टाकाऊ मातीचा ढीग," बाबा म्हणाले.

"जवळजवळ."

"मग अमेरिकेत कित्याक गेलास? घराच्या मागे डंपच डंप आसात."

दीर हसला नाही. तो वरच्या भागाकडे वळला. वरची माती तांबूस तपकिरी, हलकी, भुसभुशीत दिसत होती, आणि ती जिथे संपत होती तिथे रेघ मारल्यासारखी खालची करडी सुरू होत होती. त्या रेघेपर्यंत बारीक मुळं खाली आलेली होती आणि मग सगळी आडवी वळलेली, बंद दारापाशी आलेल्या पाहुण्यांसारखी.

"बर्फ गेल्यावर पुष्कळ काळाने ज्वालामुखी फुटला, आणि या सगळ्यावर राख पडली."

आई इतका वेळ नारळ खवत होत्या. त्यांनी मान वर केली.

"राख?"

"राख, आई. ज्वालामुखीची. तिच्यात काचेचे बारीक कण असतात. त्याच राखेची पुढे ही माती झाली."

"राख हाडलंस तू? विमानातून?" आईंचं माहेर दोडामार्गाकडचं, रागावल्या की त्यांची भाषा पुरती माहेरी जाते. "गो, ऐक ह्या! आमी हय राखेक मोताद झालो आसाव, आणि ह्यो..." पण त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. उलट उजळला होता. घरात गॅस आल्यापासून चुलीची राख मिळेनाशी झाली होती आणि पितळेची भांडी कशाने घासायची हे आईंचं जुनं दुखणं होतं.

मग दिराने बरणी उघडली. तिच्यात तीच वरची राखेची माती होती, सुटी आणि ओलसर. तिकडे ती वाफेवर शिजवून, कागदपत्रं करून, रीतसर परवानगीने आणली होती असं तो सगळ्यांना पुन्हापुन्हा सांगायचा. त्याने थोडी बाबांच्या हातावर ठेवली.

"ही माती की कापूस?" बाबांना वजनच लागेना.

"आता ओली वाटते का?"

"नाय. सुकीच आसा."

"दाबा. अंगठ्याने चोळा."

बाबांनी चोळली, आणि ती कोरडी दिसणारी माती अचानक बुळबुळीत झाली, साबणासारखी. बोटांमधून पाणी पाझरलं. बाबा दचकले आणि हात झटकला. दीर टाळ्या वाजवत म्हणाला, "आता तशीच ठेवा. बघा, परत घट्ट झाली!"

"रडता ही," बाबा म्हणाले. "जरा हात लावला तर रडता." त्या दिवसापासून तिचं नाव पडलं रडकी माती.

पुढे तर आमच्या घराची जत्रा झाली. जो येईल त्याच्या हातावर दीर रडकी माती ठेवायचा. पोस्टमनला दाखवून झालं, गॅसवाल्याला दाखवून झालं. सकाळी सायकलवर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला तर त्याने इतका वेळ अडकवलं की वाड्यावरच्या लोकांचा चहा पावाविना झाला आणि दोघी शेजारणी भांडायला आल्या. त्यांच्याही हातावर त्याने माती ठेवली. एक म्हणाली, "शी!" दुसरी म्हणाली, "परत दाखव."

बाबांनी दिराला न विचारता त्यातली थोडी नारळाच्या करवंटीत घातली आणि तिच्यात मिरचीचं रोप लावलं. माती इतकं पाणी धरते म्हणजे मिरची डोक्याएवढी होणार असा त्यांचा हिशोब. रोप मेलं नाही, पण वाढलंही नाही. पानं जांभळट झाली आणि ते रुसल्यासारखं तिथेच बसून राहिलं. दिराला कळलं तेव्हा तो आधी रागावला आणि मग लगेच खूश झाला.

"बाबा, हेच तर मी शिकलो! ही माती फॉस्फरस घट्ट धरून ठेवते. तिच्याकडे असतो, पण झाडाला देत नाही."

"म्हणजे चिक्कू," बाबा म्हणाले. "रडकी ती रडकी, वर चिक्कू." आणि त्यांनी रोप उचलून आमच्या लाल मातीत लावलं.

या बरणीचा एकच नियम होता. ती वाळू द्यायची नाही. दीर रोज पाण्याचे चार थेंब शिंपडायचा, फडकं ओलं करायचा. "एकदा पूर्ण वाळली की संपली," तो सांगायचा. "मग कितीही पाणी घाला, ती पूर्वीसारखी होत नाही." हे त्याने मला सांगितलं, दादाला सांगितलं, पोदेराला सांगितलं. आईंनाही सांगितलं, पण त्या वेळी त्या बांगडे तळत होत्या आणि तेल तडतडत होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि दिरासाठी स्थळं येऊ लागली. त्यात एक इब्रामपूरचं होतं. मुलगी हॉटेलचं शिक्षण घेतलेली, विमानात जाणारं जेवण जिथे बनतं तिथे कामाला. वडील नव्हते, घरातलं सगळं काका बघायचे. आम्ही जाऊन आलो. मुलगी बाहेर आली तेव्हा दीर तिच्या घरासमोरच्या दरडीला नाक लावून उभा होता. तिने चहा देताना विचारलं, "दरड पसंत पडली का?" तो म्हणाला, "हो, छान आहे, खाली जांभ्याचा चिरा लागत असेल ना?" परत येताना गाडीत आई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

तरी निरोप आला की मंडळी घर बघायला येतायत, आणि मुलगीही येणार आहे. तिचं म्हणणं होतं, राहायचं मला, तर बघायचंही मीच.

मंडळी येणार त्याच्या आदल्या दिवशी आईंनी घर डोक्यावर घेतलं. पडदे धुतले, लादी पुसली. त्या दिवसभर मी शाळेत होते, मी डिचोलीच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे काय घडलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. देव्हाऱ्याशी गेले तर समई अशी झगझगत होती की मी मागे सरकले. बाबा विचारत होते, "नवी घेतली काय?" तांब्या, घंगाळ, आरतीचं ताट, सगळं सोन्यासारखं. आणि ओट्यावर दिराची बरणी रिकामी, स्वच्छ धुऊन पालथी घातलेली.

"आई," मी म्हटलं, "यातली माती?"

"ती? ओली होऊन वास येय होतो गो. काल सुपात घालून उन्हात ठेवलंय. काय मस्त सुकली! मगे समईक लावलंय." त्यांनी समईकडे कौतुकाने बघितलं. "राख असावी तर अशी."

मी आईंना सगळं समजावून सांगितलं, या वेळी काही तडतडत नव्हतं. आईंचा चेहरा उतरला. सुपात चिमूटभर उरली होती. मी वाटीत घेऊन तिच्यावर पाणी घातलं. कण्यांसारखे दाणे तळाला जाऊन बसले. दाबलं, चोळलं, हातावर नुसती वाळू खरखरली. ती रडायचं विसरली होती.

दीर मिठाई आणायला डिचोलीच्या बाजारात गेला होता, नवरा खुर्च्या आणायला. आईंनी सूप बाजूला सारलं. मग पदर खोचला.

"मिया करतंय."

"काय करताय?"

"माती."

त्यांनी फडताळातून कॉर्नफ्लावरचा डबा काढला. पाण्यात घट्टसर कालवलं. रंगासाठी दुधात घालायची चॉकलेटची पूड घातली. रंग काळपट झाला म्हणून चिमूटभर हळद, मग आणखी चिमूटभर. दिसायला हुबेहूब. मी म्हटलं, "आई, खरं सांगूया." त्या बरणी भरत म्हणाल्या, "सांगूया. पावणे गेल्यावर सांगूया. आज त्याचा तोंड पडला तर लगीन मोडतला."

मी दिराला दारातच गाठायचं ठरवलं. पण तो आला तो पाहुण्यांच्या गाडीतूनच उतरला. वाटेत स्कूटर पंक्चर झाली होती आणि त्यांनीच त्याला आणलं. आता बोलायची सोय उरली नाही. मी डोळ्यांनी खुणा केल्या. त्याला वाटलं, चहा उशिरा होणार आहे.

काका गंभीर माणूस. पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मोजकं. बसल्या बसल्या त्यांची नजर टीव्हीच्या बाजूला गेली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "भिंतीक ओल आयली काय हो?"

"नाय नाय," बाबा म्हणाले, "ती अमेरिका."

दिराला तेवढं पुरे होतं. तो उठलाच. बर्फ, दगड, राख, सगळं सांगून झालं. मुलीची आई जांभई दाबत होती. मुलगी मात्र फळीजवळ जाऊन उभी राहिली. तिने बोट त्या रेघेवर ठेवलं.

"मुळं इथे सगळी आडवी का गेलीत?"

इतक्या लोकांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. दिराचे कान लाल झाले. "खालचं फार घट्ट आहे. पुढे जाता येत नाही. वर राहायला चांगलं, मऊ, हवा आहे, पाणी आहे, म्हणून तिथेच पसरली."

"आणि पावसाचं पाणी?"

"तेही त्या रेघेवरच थांबतं. मग उताराने बाजूबाजूने वाहतं." तो तिच्याकडे बघत होता. दरडीकडे बघतो तसाच, पण जरा जास्त. "थांबा. तुम्हाला एक गंमत दाखवतो."

मी खोकले. जोरात खोकले. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. दिराने बरणी उघडली, मूठभर घेतली आणि काकांसमोर जाऊन उभा राहिला.

"बघा हं काका. आता ही कोरडी वाटते. मी दाबली की पाणी सोडेल."

त्याने दाबली. ती दगडासारखी घट्ट झाली.

त्याने आणखी दाबली. आणखी घट्ट झाली. त्याने दोन्ही तळव्यांत फिरवली तर तिचा सुंदर लाडू झाला. दिराच्या तोंडाचा आ तसाच राहिला. त्याने लाडू काकांना दाखवायला तळवा उघडला, आणि लाडू विरघळला. त्याच्या बोटांमधून ओघळला आणि सावकाश, अगदी सावकाश, काकांच्या पांढऱ्या बाहीवर उतरला.

काका हलले नाहीत. बाहीकडे बघत राहिले. दीर मात्र काकांकडे बघत नव्हता. तो आपल्या तळव्याकडे बघत होता.

"उलट," तो पुटपुटला. "दाबली की घट्ट, सोडली की पातळ. हे कुठेच लिहिलेलं नाही. दादा, माझा फोन कुठाय? सरांना फोन करायला हवा. तिकडे आता किती वाजले असतील?"

मुलीने पुढे होऊन काकांच्या बाहीवरचं थोडंसं बोटावर घेतलं. चोळलं. हुंगलं. आणि चाटलं.

"गो!" तिची आई किंचाळली.

"गोड आहे," मुलगी म्हणाली.

"गोड?" दिराचा आवाज चिरकला.

"कॉर्नफ्लावर आहे. कोको आहे, साखरेचा." तिने पुन्हा जीभ लावली, डोळे मिटले. कामावर अशीच चव बघत असणार. "आणि... हळद?"

काकांनी तितक्याच गंभीरपणे आपली बाही तोंडाजवळ नेली, चव घेतली, आणि म्हणाले, "हळद जास्त झाली."

आई धावतच बाहेर आल्या. "पुता, माका सांगूक जायना! मिया सुकयलंय ती! माका वाटला राख ती राख! सगळी समईक लावलंय रे!" आणि त्या रडायलाच लागल्या.

दीर खुर्चीवर बसला. रागावला नाही, ओरडला नाही. नुसता बसला, चिकट हात मांडीवर ठेवून. विमानतळावरून येताना तो त्या बरणीला कसा सांभाळत होता ते मला आठवलं. मातीच्या अभ्यासासाठी तिकडच्या थंड जंगलात तो एकटा राहिला होता, रोज खड्डे खणत. त्यातलं त्याने आपल्यासोबत तेवढंच जिवंत असं काही आणलं होतं.

मुलगी त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसली.

"वाळल्यावर ती परत पहिल्यासारखी का नाही होत?"

तो हातावरचं पीठ खरवडत म्हणाला, "तिच्यात जेलीसारखा एक बारीक भाग असतो. तोच पाणी धरतो. वाळला की त्याचे कण एकमेकांना चिकटून कडक होतात. मग सुटत नाहीत."

"चिकाचा खरवस झाला की परत चीक होत नाही, तसं?"

"अगदी तसं नाही." त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "पण हो. तसंच म्हणा."

"पण भांडी घासायला ती चांगली असणारच. राखेत काच असते म्हणालात ना मघाशी? आईंनी बरोबर जागी वापरली."

हे ऐकून बाबा ताडकन उठले, आत गेले आणि समई घेऊन आले. भर दिवसा, हॉलच्या मधोमध, टीपॉयवर ठेवली. उजेड पडल्यावर छतावर तिचा कवडसा नाचायला लागला. काकांनी समई वाकून बघितली, एका बाजूने, मग दुसऱ्या. आपलं तोंड दिसतं का तेही बघितलं.

"उरली हा काय थोडी?" त्यांनी आईंना विचारलं. "आमची पण आसा एक समई."

आधी कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक दीरच. मग हसण्याचा असा लोट उठला की आईंना डोळे पुसता पुसता परत पुसावे लागले. सुपातली चिमूटभर आईंनी कागदाच्या पुडीत बांधून काकांना दिली, आणि काकांनी ती शर्टाच्या खिशात अंगाऱ्यासारखी ठेवली. होकार त्यांनी गाडीत बसताना दिला, तोही आईंकडे बघून, एका वाक्यात: "मुलगो खोटा बोलूक शिकलेलो नाय, आणि आवयक येयना."

लग्नाआधीच दिराचं इब्रामपूरला जाणं-येणं वाढलं. होणाऱ्या बायकोला भेटायला म्हणून जायचा आणि काकांशी बोलत बसायचा. काकांनी विचारलं, आमच्या जमिनीत काय आहे? झालं. दोघांनी मिळून घराच्या बाजूला छातीएवढा खड्डा खणला, बाजू तासून सरळ केल्या. लाल माती, तिच्याखाली लाल-पिवळे ठिपके, तळाला चिरा. काका त्या खड्ड्यात उतरले आणि त्यांना तो फारच आवडला. दुपारचा चहा तिथेच मागवू लागले. "हय गार आसा," म्हणायचे.

लग्न त्यांच्याच अंगणात होतं. मंडप घालणारे आले आणि म्हणाले, आधी खड्डा बुजवा. काका म्हणाले, मंडप सरकवा. खूप वाद झाला आणि शेवटी मंडपच सरकला. लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, पंगत बसायची वेळ झाली, नवरा-नवरी, भटजी, आचारी सगळे तयार, आणि काकांचा पत्ता नाही. मी शोधत गेले तर सोवळं नेसलेले काका खड्ड्यात उभे होते, हातात छडी, आणि वर काठावर आमच्याकडची निम्मी वऱ्हाडी मंडळी रांगेने ओणवी होऊन ऐकत होती. बाबा सगळ्यांत पुढे.

"काका, पंगत थांबलीय," मी म्हटलं.

"येतंय," ते म्हणाले आणि छडी पिवळ्या ठिपक्यांवर ठेवली. "येवढा सांगतंय नि येतंय."